रिकी म्हणे

२००५ च्या उन्हाळ्यात सॅन डिएगोतल्या एका विद्यापीठाच्या मैदानावर ४६ वर्षांचा एक गृहस्थ पहिल्या बेसपासून चार पावलं पुढे सरकायचा, गुडघ्यांत वाकायचा आणि दोन्ही हातांची बोटं हवेत नाचवत पिचरकडे रोखून बघत राहायचा. पिचर बहुधा त्याच्या निम्म्या वयाचा. म्हणजे तो पाळण्यात होता त्या सुमारास, १९८२ साली, या गृहस्थाने एकाच मोसमात १३० बेस चोरले होते. पाळण्यातलं पोर वाढून पिचर झालं, पण गृहस्थ अजून पहिल्या बेसवरच उभा आणि नजर दुसऱ्यावर.

गृहस्थाचं नाव रिकी हेंडरसन. मेजर लीग बेसबॉलमध्ये सगळ्यात जास्त बेस चोरणारा माणूस हाच, एकूण १,४०६. सगळ्यात जास्त धावाही याच्याच, २,२९५. हे दोन्ही आकडे आजवर कुणाला गाठता आलेले नाहीत. २५ मोसम, नऊ संघ, त्यातल्या ओकलंड संघात तर चार वेगवेगळ्या खेपांना नोकरी. वर्ल्ड सिरीज दोनदा जिंकून झालेली. बँकेत पैसा बक्कळ. असा माणूस अ‍ॅरिझोनातल्या युमा नावाच्या गावी, जिथे जुलैत कावळाही सावली सोडत नाही, तिथे विशीतल्या पोरांबरोबर सामने खेळत होता. कशासाठी? एका फोनसाठी. मेजर लीगच्या कुठल्या तरी संघाने फोन करावा आणि म्हणावं, ये बाबा, एक जागा आहे.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या लोकांना हा चोरीचा मामला आधी थोडा समजावून सांगायला हवा. आपल्याकडे नॉनस्ट्रायकर चेंडू पडायच्या आत क्रीज सोडून निघाला, की केवढा गहजब! विनू मंकडांनी १९४७ साली सिडनीत बिल ब्राऊनला या गुन्ह्याबद्दल धावबाद केलं. गुन्हा ब्राऊनचा, नाव मात्र मंकडांचं खराब झालं, आणि सभ्यपणा कुणाचा बुडाला ही चर्चा अजून संपलेली नाही. बेसबॉलवाल्यांनी ती भानगडच ठेवली नाही. तिथे बेसवरचा माणूस पिचर चेंडू टाकायच्या बेतात असतानाच सुटतो. कॅचरने चेंडू झेलून दुसऱ्या बेसकडे फेकायचा आणि तिथल्या क्षेत्ररक्षकाने तो धावत्या माणसाला टेकवायचा. अंतर नव्वद फूट, वेळ साडेतीन सेकंदांच्या आतबाहेर. पोचलात तर चोरी यशस्वी, आणि ती तुमच्या नावावर रीतसर जमा. जगात इतकी स्वच्छ नोंदवही ठेवणारे चोर दुसरे नसतील.

यातला निम्मा खेळ पळण्याआधीच होऊन जातो. रिकी बेसपासून जरा जास्तच पुढे उभा राहायचा. पिचरला ते खुपायचं. तो चेंडू बॅटरकडे टाकायचा सोडून पहिल्या बेसकडे फेकायचा. रिकी झेप घेऊन परत. पुन्हा चार पावलं. पुन्हा फेक. तोवर पिचरचं बॅटरवरचं लक्ष उडालेलं आणि बोटं नाचताहेतच. मग पिचरची टाच किंवा खांदा एवढासा हलला, की रिकी गेला. आणि शेवटी पोटावर, डोकं पुढे करून, मातीला घासत दुसऱ्या बेसला हात. हे घसरणं तो म्हणे विमान उतरताना बघून शिकला. एक विमान धाडकन उतरलं, दुसरं लोण्यासारखं टेकलं. दुसऱ्याने काय केलं याची त्याने चौकशी केली, तेव्हा कळलं की जमिनीच्या जितकं जवळ येऊन टेकाल तितका धक्का कमी. आपण त्या वेळी पट्टा सोडून डोक्यावरच्या फळीतली बॅग काढायच्या घाईत असतो, म्हणून आपल्या नावावर एकही बेस नाही.

१ मे १९९१ रोजी त्याने लू ब्रॉकचा ९३८ चोऱ्यांचा विक्रम मोडला. तिसरा बेस चोरला, मग तोच बेस जमिनीतून उपटून डोक्यावर धरला आणि माइक हातात घेऊन आज आपण सर्वकाळचे सर्वश्रेष्ठ झालो आहोत, असं भर मैदानात जाहीर केलं. शेजारी खुद्द ब्रॉक उभे. त्याच भाषणात त्याने देवाचे, आईचे आणि ओकलंडच्या लोकांचे आभार मानले होते, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. दुसऱ्याने आपल्याला थोर म्हणेपर्यंत मान खाली घालून उभं राहायचं असतं हा शिष्टाचार अमेरिकेतही आहे, आणि रिकी त्या दिवशी तो विसरला. गंमत पुढेच. त्याच रात्री टेक्ससमध्ये नोलन रायन नावाच्या ४४ वर्षांच्या पिचरने समोरच्या संघाला एकही फटका घेऊ न देता अख्खा सामना जिंकून दिला. कारकिर्दीतला त्याचा हा असा सातवा सामना. दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं म्हाताऱ्याने पळवली. चोरावर मोर म्हणतात तो हा.

आता आपल्या घरचा एक दाखला. केव्हा निवृत्त व्हावं याबद्दल विजय मर्चंट यांच्या नावावर सांगितलं जाणारं एक वचन आहे: ‘का चाललास?’ असं लोक विचारत असताना जावं, ‘का जात नाहीस?’ असं विचारायची पाळी आणू नये. मर्चंटांना हे शोभतं. १९५१ साली दिल्लीत इंग्लंडविरुद्ध १५४ धावा केल्या आणि नंतर कसोटीत बॅट धरली नाही. तेव्हापासून हे वचन आपल्याकडे क्रिकेटच्याच नव्हे, सगळ्याच क्षेत्रांत वापरलं जातं, फक्त स्वतःला सोडून. आमच्या कट्ट्यावर ते निदान तीन पिढ्यांच्या खेळाडूंवर लागू करून झालेलं आहे. कपिल देव हॅडलीच्या ४३१ बळींकडे एकेक पाऊल टाकत होता तेव्हा कट्ट्याचं मत ‘आता पुरे’ असं होतं. सचिनने कधी जावं यावर तर दोन वर्षं रोज संध्याकाळी चर्चासत्र. मग नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर तो दोनशेवी कसोटी खेळून खेळपट्टीला हात लावून वळला, आणि कट्ट्यावरचे हेच सगळे विद्वान रुमाल शोधू लागले. त्यातला सगळ्यात कडक विद्वान स्वतः सोसायटीचा सेक्रेटरी आहे आणि त्या पदावरून त्याने कधी जावं हे विचारायची कुणाची छाती नाही.

मला या वचनात एक खोट दिसते. त्यात सगळं लोक काय विचारतील यावर आहे. खेळणाऱ्याला काय वाटतं ही बाब त्यात येतच नाही. रिकीने मर्चंटांचं नावही ऐकलं नसणार, पण ऐकलं असतं तरी त्याला ते पटलं नसतं. लोक ‘का जात नाहीस’ विचारत होते ते त्याला ऐकू येत होतं. उत्तर त्याच्याकडे होतं: उद्या सामना आहे.

चाळिशीनंतरची त्याची वाटचाल बघा. १९९९ मध्ये न्यू यॉर्क मेट्सकडून चाळिसाव्या वर्षी .३१५ ची सरासरी. बेसबॉलमध्ये दहा संधींत तीनदा फटका बसला की माणूस थोर गणला जातो, तेव्हा हा आकडा म्हणजे पोरांनाही लाजवणारा. पुढच्याच वर्षी मेट्सनी त्याला काढला. सिएटलने घेतला. २००१ च्या मार्चपर्यंत कुणीच घेईना, तेव्हा सॅन डिएगो पाद्रेसनी मायनर लीगच्या करारावर ठेवून घेतला. म्हणजे बोलावणं आहे, पण पाट मांडलेला नाही. दाराशी उभे राहा, पंगतीत जागा झाली तर बघू. त्या एका मोसमात या दाराशी उभ्या पाहुण्याने बेब रूथचा वॉकचा, म्हणजे पिचरने चार चुकीचे चेंडू टाकल्यावर फुकट मिळणाऱ्या पहिल्या बेसचा, विक्रम मागे टाकला, ऑक्टोबरमध्ये टाय कॉबचा २,२४५ धावांचा, आणि शेवटच्या दिवशी तीन हजारावा फटका मारला.

कॉबचा विक्रम मोडला तो होम रन मारून. होम रन मारल्यावर फेरी आरामात, हात हलवत पुरी करायची असते, कुणी अडवणार नसतं. रिकी शेवटच्या बेसशी आला आणि तिथे चक्क घसरला. बावीसशे शेहेचाळिसावी धाव, बेचाळिशी ओलांडलेला माणूस, आडकाठी कुणाचीच नाही, तरी कपडे मातीत. घरच्या धोब्याचा विचार न करणारे असे खेळाडू मला फार आवडतात.

तीन हजाराव्या फटक्याचा दिवस मात्र वेगळा होता. ७ ऑक्टोबर २००१. पाद्रेसचा लाडका टोनी ग्विन त्या दिवशी शेवटचा सामना खेळत होता. सगळं शहर त्याला निरोप द्यायला आलेलं. स्वतःला सर्वश्रेष्ठ म्हणवणाऱ्या रिकीने ग्विनचा दिवस झाकोळू नये म्हणून बाहेर बसायची तयारी दाखवली होती. ग्विननेच त्याला खेळायला लावलं. पहिल्याच चेंडूवर फटका लागला. ग्विन रिकीपेक्षा वयाने दीड वर्षाने लहान. तो निवृत्त होऊन घरी गेला. रिकी नोकरी शोधायला निघाला.

२००२ ला बॉस्टन रेड सॉक्सनी घेतला. तो बॉस्टनला रुजू झाला तेव्हाची एक नोंद फार मजेशीर आहे. १९७९ ते २००१ या काळात संपूर्ण रेड सॉक्स संघाने मिळून १,३८२ बेस चोरले होते. त्याच काळात एकट्या रिकीने १,३९५. संघाने त्याला नोकरी दिली की त्याने संघाला, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

आणि मग २००३ चा फेब्रुवारी. संघ फ्लोरिडा आणि अ‍ॅरिझोनातल्या सरावाच्या शिबिरांना गेले. रिकीचा फोन वाजलाच नाही. या गोष्टीत एक विनोद आहे तो नियतीनेच केलेला, मला काही भर घालायची गरज नाही. त्याच २००३ साली ‘मनीबॉल’ हे पुस्तक आलं. ओकलंडच्या, म्हणजे रिकीच्याच गावच्या संघाने स्वस्तात चांगले खेळाडू कसे निवडले याची ती कथा. पुस्तकाचा सारांश असा की फटक्यांच्या सरासरीवर जाऊ नका, माणूस कसाही करून पहिल्या बेसवर पोचतो का ते बघा. वॉक मिळवणारा माणूस सोन्याचा. सगळं बेसबॉल जग ते पुस्तक वाचायला बसलं. आणि इतिहासात त्या घडीला सर्वात जास्त वॉक मिळवलेल्यांत पहिला असलेला, इतका वाकून उभा राहणारा की चेंडू नेमका टाकायचा कुठे हे पिचरला कळू नये, असा माणूस रिकामा बसला होता. ज्याच्याबद्दल सगळे वाचत होते तोच बेकार. आपल्याकडे साहित्य संमेलनात असं होतं.

तेव्हा रिकी नेवार्कला गेला. आपल्या लोकांना नेवार्क ठाऊक आहे ते विमानतळ म्हणून. लोणच्याच्या बरण्या सांभाळत उतरायचं आणि मुलाच्या गाडीत बसून थेट एडिसन गाठायचं, मध्ये थांबायचं काम नाही. तिथे तेव्हा नेवार्क बेअर्स हा संघ होता, अटलांटिक लीग नावाच्या स्पर्धेतला. मेजर लीगशी हिचा तेव्हा काही संबंध नव्हता. मायनर लीगचे संघ निदान मोठ्या संघाच्या ओसरीवर तरी असतात; हे अगदीच रस्त्याच्या पलीकडे. इथे दोन प्रकारचे लोक भेटतात: वर जाऊ बघणारे आणि वरून आलेले. पहिल्यांना घाई असते, दुसऱ्यांना गुडघेदुखी. रिकी दुसऱ्या रांगेतला, पण घाई पहिल्यांची. ४४ व्या वर्षी त्याने तिथे .३३९ च्या सरासरीने फटके मारले, आणि जुलैत खरोखर फोन आला. लॉस एंजेलिस डॉजर्स.

आपल्या मुंबईच्या मैदानांवर वर्षानुवर्षं लेगस्पिन टाकणाऱ्या प्रवीण तांबेंना २०१३ साली आयपीएलचा पहिला सामना मिळाला तेव्हा ते ४१ वर्षांचे होते. त्यांची ती पहिलीच संधी होती, त्यामुळे सगळ्यांना कौतुक. शेवटची संधी मागणाऱ्याच्या वाट्याला ते येत नाही. माणसं पहिलटकराला साखर वाटतात आणि जुन्याला घड्याळ दाखवतात.

डॉजर्सकडे रिकी तीस सामने खेळला. सरासरी .२०८, म्हणजे झाकलेली बरी. तरी दोन होम रन, तीन चोऱ्या, आणि चोरताना एकदाही पकडला गेला नाही. १९ सप्टेंबर २००३ रोजी तो बदली बॅटर म्हणून आला. चेंडू त्याच्या अंगावर आदळला. बेसबॉलमध्ये चेंडू लागला की पहिला बेस बक्षीस मिळतो. तिथून पुढच्या बॅटरांच्या जिवावर तो फिरत फिरत घरी आला आणि धाव झाली. २,२९५ वी. मेजर लीगमधलं त्याचं हे शेवटचं काम: मार खाऊन बेस मिळवला आणि धाव वसूल केली.

इथे कुणी म्हणेल, म्हाताऱ्यांना तिथे कुणी घेतच नाही का? घेतात की. पण कसं ते सॅचेल पेजवरून कळतं. पेज हा थोर कृष्णवर्णीय पिचर. वर्णभेदामुळे मेजर लीगची दारं बंद, म्हणून उमेदीचा काळ निग्रो लीगमध्ये गेला. १९४८ साली क्लीव्हलँडने घेतलं तेव्हा हा नवखा ४२ वर्षांचा होता. निदान कागदोपत्री. कारण त्याच्या वयाबद्दल कुणाचंच एकमत नव्हतं. जन्माची नोंद घरच्या बायबलमध्ये होती आणि ते बकरीने खाल्लं, असं तो स्वतः सांगायचा. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. शाळामास्तरांच्या कृपेने अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला येतो. आपल्याकडे बकरीचं काम मास्तरांनी केलं.

तर हा पेज १९६५ साली ५९ वर्षांचा असताना कॅन्सस सिटी अ‍ॅथलेटिक्सचे मालक चार्ली फिन्ली यांनी त्याला एका सामन्यासाठी करारबद्ध केलं. हेतू खेळाचा नव्हता, तिकिटांचा होता. फिन्लीसाहेबांनी मैदानाच्या कडेला पेजसाठी डोलखुर्ची ठेवली. शेजारी पांढऱ्या गणवेशातली नर्स. म्हणजे बघा, आम्ही गंमत करतोय, तुम्हीही हसा. लोक हसले. पेजही खुर्चीत डोलला, फोटो काढू दिले. मग उठला, पिचिंगला गेला आणि बॉस्टनच्या बॅटरांना तीन इनिंग्ज टाकल्या. धाव एकही नाही. फटका एकच, कार्ल यास्ट्रझेम्स्कीचा, आणि यास्ट्रझेम्स्कीला तर पंचविशीतले पिचरही आवरत नसत. बाकी सगळे आले तसे गेले. नर्सला त्या रात्री काहीच काम पडलं नाही. तीन वर्षांनी अटलांटा ब्रेव्ह्जनी त्याला पुन्हा यादीत घेतलं ते पेन्शनसाठी. त्याचे सेवेचे दिवस थोडे कमी पडत होते. पेन्शनसाठी दिवस भरणं ही गोष्ट मराठी माणसाला कुठल्याही खेळापेक्षा चटकन कळते.

आपल्याकडे प्रा. दि. ब. देवधरांनी पन्नाशी उलटल्यावर रणजी करंडकाच्या एकाच सामन्यात दोन शतकं ठोकली होती. त्यांच्यासाठी कुणी डोलखुर्ची आणून ठेवली नव्हती. पुण्यात कुणी तो प्रयत्न केला असता, तर तिच्यावर कुणी बसायचं यावर दोन तट पडले असते.

रिकीकडे परत येऊ. २००४ ला तो पुन्हा नेवार्कला. या खेपेस ३७ चोऱ्या, फक्त दोनदा पकडला गेला. पंचेचाळिशीत. फोन नाही. २००५ ला तो सॅन डिएगोला आला, गोल्डन बेसबॉल लीग नावाच्या अगदी नव्या स्पर्धेत. आठ संघांची ही लीग. त्यात सरप्राइज नावाच्या गावचा एक संघ होता. सगळे खेळाडू जपानचे असलेला दुसरा एक होता, त्याला गावच नव्हतं. पठ्ठे अख्खा मोसम दुसऱ्यांच्या गावी पाहुणे म्हणून खेळले. रिकीच्या संघाचं नाव सर्फ डॉग्ज. व्यवस्थापक टेरी केनेडी, एकेकाळचा नामांकित कॅचर, रिकीहून जेमतेम अडीच वर्षांनी मोठा. एकाच पिढीचे दोघे. एक सूचना देणार, दुसरा पळणार.

आणि हा संघ ज्या मैदानावर खेळायचा त्याचं नाव काय? टोनी ग्विन स्टेडियम. तोच ग्विन, ज्याच्या निरोपाच्या दिवशी रिकीने तीन हजारावा फटका मारला. वयाने लहान असलेल्या सहकाऱ्याच्या नावाचं स्टेडियम झालेलं, तो त्याच विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून स्थिरावलेला, आणि हा त्याच मैदानात धूळ अंगावर घेत घसरतोय. आपल्यापैकी कुणावर ही वेळ आली असती तर आपण पाटी दिसू नये म्हणून मागच्या दाराने गेलो असतो. रिकीने तिथे सोळा चोऱ्या केल्या आणि संघाने लीगचं पहिलं विजेतेपद पटकावलं. फोन आला नाही.

त्याला या सगळ्याची लाज कशी वाटत नव्हती याचं मला कुतूहल आहे, आणि हेवाही. त्याच्याबद्दल अमेरिकेत जे ढीगभर किस्से सांगतात त्यांत कदाचित उत्तर आहे. दहा लाख डॉलरांचा चेक वटवायचा सोडून त्याने चौकटीत घालून भिंतीवर लावला आणि ओकलंडच्या हिशेबनिसांना वर्षअखेरीस ताळेबंद जुळेना, असं सांगतात. जॉन ओलेरूड मैदानातही हेल्मेट घालायचा. सिएटलमध्ये रिकी त्याला म्हणाला म्हणे, मेट्समध्ये माझ्याबरोबर एक जण असंच हेल्मेट घालायचा, आणि ओलेरूड म्हणाला, तो मीच. हा किस्सा साफ खोटा, ओलेरूडनेच सांगितलं, पण तो मरत नाही. आणि सगळ्यात गाजलेला तो नोकरीचा. पाद्रेसच्या केव्हिन टॉवर्स या अधिकाऱ्याच्या फोनवर रिकीने निरोप ठेवला, असं म्हणतात. रिकीच्या वतीने रिकी बोलतोय आणि रिकीला बेसबॉल खेळायचंय, असा त्याचा मतलब.

अमेरिकन लोक या स्वतःचं नाव घेऊन बोलण्याला खूप हसले. आपण हसायचं कारण नाही. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ ऐकत आपण मोठे झालो. फक्त तुकोबांनी आपलं मागणं पांडुरंगाकडे नेलं. रिकीला ते टॉवर्सच्या फोनवरच्या निरोपात ठेवावं लागलं.

आणि त्याचं मागणं अवास्तव होतं असंही नाही. ज्युलिओ फ्रँको नावाचा खेळाडू रिकीहून चार महिन्यांनी मोठा. तो तेव्हा अटलांटाकडून मजेत खेळत होता. २००७ च्या मे महिन्यात, ४८ व्या वर्षी, फ्रँकोने रँडी जॉन्सनला होम रन मारला. जॉन्सन तेव्हा ४३ वर्षांचा. पिचर आणि बॅटर मिळून वय ९१, आणि चेंडू मैदानाबाहेर. हे वाचून रिकीला काय वाटलं असेल याची कल्पना करता येते. त्या वर्षी मेट्सनी त्याला अखेर बोलावलं, पण प्रशिक्षक म्हणून. उभं राहायची जागा पहिल्या बेसपाशीच, फक्त रेषेच्या बाहेर. पळायचं दुसऱ्यांनी.

हॉल ऑफ फेम या बेसबॉलच्या सर्वोच्च सन्मानाचा नियम असा की शेवटच्या मेजर लीग मोसमानंतर पाच वर्षं जायला हवीत. रिकीचा शेवटचा मोसम २००३, म्हणून २००९ ला नाव आलं. म्हणजे २००४ किंवा २००५ मध्ये कुठल्या संघाने खरोखर फोन उचलून त्याला एक सामना दिला असता, तर घड्याळ पुन्हा शून्यावर आणि हा सन्मान आणखी लांब. बाकी सगळे या दाराशी टपून बसतात. हा आपल्याच सत्काराची तारीख पुढे ढकलायची धडपड करत होता. मतदान झालं. ५३९ पैकी ५११ मतं. ज्या २८ पत्रकारांनी नाव लिहिलं नाही त्यांना पुणेरी वंशाचं मानायला हरकत नाही. बातमी आली तेव्हा रिकी पन्नास वर्षांचा होता आणि आपण अजून खेळू शकतो, असं सांगत होता.

त्याचा जन्म २५ डिसेंबर १९५८ चा, शिकागोत, दवाखान्याच्या वाटेवर मोटारीच्या मागच्या सीटवर. २० डिसेंबर २०२४ ला तो गेला. दोन्ही वेळा थोडं आधीच.

कूपर्सटाऊनला, हॉल ऑफ फेमच्या गावी, २००९ च्या जुलैत त्याने सत्काराचं भाषण केलं. सगळ्यांना भीती होती की आता हा तासभर स्वतःची आरती ओवाळणार. तो बोलला ते बहुतेक दुसऱ्यांबद्दल. शाळेत असताना त्याला फुटबॉल खेळायचं होतं, बेसबॉल नको होतं. तेव्हा एक प्रशिक्षक सकाळी गाडी घेऊन दारात यायचे, डोनट आणि गरम चॉकलेट घेऊन, म्हणजे पोरगं उठून सरावाला येईल. आणि शाळेतल्या समुपदेशक बाईंनी दर ठरवून दिला होता: प्रत्येक फटक्याला, प्रत्येक धावेला आणि प्रत्येक चोरीला पाव डॉलर. आपल्या जुन्या हिशेबात एक पावली. पहिल्या दहा सामन्यांत ३० फटके, २५ धावा आणि ३३ चोऱ्या झाल्या, हे त्याला तीसहून जास्त वर्षांनंतरही तोंडपाठ होतं. म्हणजे बाईंचे बावीस डॉलर गेले.

मी कागद घेऊन पुढचा हिशेब केला. मेजर लीगमध्ये फटके ३,०५५, धावा २,२९५, चोऱ्या १,४०६. बाईंच्या दराने होतात १,६८९ डॉलर. यात नेवार्क आणि सॅन डिएगोचे धरलेले नाहीत. ते रिकीने नक्की वेगळे मागितले असते.